मतदारसंघांचा नकाशा कोणाच्या हाती द्यावा?

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की राज्याराज्यांत मतदारसंघ नव्याने आखले जातात. बहुतेक ठिकाणी हे काम विधिमंडळच करतं. मग बहुमतवाल्या पक्षाने विरोधकांचे मतदार एखाद्या मतदारसंघात कोंबायचे, उरलेले आजूबाजूला थोडेथोडे विखरून टाकायचे, की झालं. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली विधानसभेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाला राज्यभरात सुमारे ५३ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या ९९ पैकी ३६. या पक्षाचे मतदार शहरांत एकवटलेले आहेत, हे त्याचं एक कारण. तरी नकाशाचा वाटा लपत नाही. त्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगून टाकलं की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा संघराज्याची न्यायालयं करणार नाहीत.

म्हणून तुमच्या राज्यात मतदारसंघ आखण्यासाठी स्वतंत्र आयोगाचा प्रस्ताव मतदानाला आला, तर 'हो' म्हणण्याकडे मन झुकणं साहजिक आहे. माझंही झुकतं. पण 'आयोग' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या व्यवस्था चालतात. त्या तीन प्रश्नांवर तपासाव्यात: सदस्य कोण नेमतं, शेवटचा शब्द कोणाचा, आणि एकमत झालं नाही तर पुढे काय?

कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये या तिन्हींची पक्की सोय केली. सामान्य नागरिक अर्ज करतात. गेल्या दहा वर्षांत स्वतः किंवा घरातलं कोणी उमेदवार, पक्षाचा पदाधिकारी किंवा लॉबिस्ट (कोणाच्या तरी हितासाठी आमदारांकडे वशिला लावणारा) असेल तर अर्ज बाद. गाळून उरलेल्या नावांतून पहिले ८ सदस्य सोडतीने निघतात आणि ते ८ जण उरलेले ६ निवडतात. एकूण १४: दोन्ही मोठ्या पक्षांचे ५-५ आणि कोणत्याच मोठ्या पक्षाचे नसलेले ४. नकाशा मंजूर व्हायला या तिन्ही गटांतली किमान तीन-तीन मतं लागतात, म्हणजे एका गटाला दुसऱ्याशी हातमिळवणी करून तिसऱ्याला डावलता येत नाही. मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. आयोगाला जमलंच नाही, तर राज्याचं सर्वोच्च न्यायालय तज्ज्ञ नेमून नकाशा करून घेतं.

मिशिगननेही २०१८ मध्ये १३ नागरिकांचा असाच आयोग आणला, पण तिथला अनुभव डोळ्यांआड करू नये. २०२३ च्या डिसेंबरमध्ये संघराज्य न्यायालयाने डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखल्याचं ठरवून रद्द केले. कृष्णवर्णीय वस्तीचे तुकडे करून ते उपनगरांना जोडले होते. नागरिक प्रामाणिक असले तरी कायद्याचे बारकावे त्यांना सल्लागारच सांगतात. सल्ला चुकला की किंमत मतदार मोजतात.

आयोवाची तऱ्हा निराळी. १९८० पासून तिथे विधिमंडळाचे पक्षनिरपेक्ष कर्मचारी नकाशा काढतात. विद्यमान आमदार कुठे राहतो, मागच्या निवडणुकीत कोणाला किती मतं पडली, याकडे बघायला त्यांना मनाई आहे. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघासाठी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तोडता येत नाही. खर्च कमी, गाजावाजा नाही. मात्र पहिले दोन आराखडे विधिमंडळाने फेटाळले तर तिसऱ्यात हवे ते बदल करता येतात. २०२१ मध्ये पहिला फेटाळला गेला, दुसरा मंजूर झाला. म्हणजे सगळी भिस्त संकेत पाळण्यावर. जिथे राजकारण टोकाला गेलंय, तिथे या पद्धतीच्या भरवशावर मी राहणार नाही.

उरलेला प्रकार, म्हणजे पक्षांच्या मुठीतला आयोग, टाळावा असाच. व्हर्जिनियात ८ आमदार आणि ८ नागरिक, पक्षवार अगदी निम्मे-निम्मे. २०२१ मध्ये कोंडी झाली आणि नकाशा न्यायालयाला करावा लागला. न्यूयॉर्कमध्ये १० जणांच्या आयोगाने दोन वेगळे आराखडे पाठवले, विधिमंडळाने आपलाच नकाशा रेटला आणि २०२२ मध्ये तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: आपण हात बांधून घ्यायचे आणि शेजारच्या राज्याने मोकाट सुटायचं का? २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता काँग्रेसचे मतदारसंघ बदलले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये आपल्याच आयोगाचा काँग्रेसचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्यांची अडचण खोटी नव्हती. सर्व राज्यांना आयोग सक्तीचा करणारं विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडलं. राज्याच्या विधानसभेला मात्र हा आक्षेप लागूच होत नाही, कारण तिथे शेजाऱ्याशी स्पर्धा नसते. प्रस्ताव फक्त विधानसभेपुरता असला तर मी बेधडक 'हो' म्हणेन.

मतपत्रिकेवरच्या सारांशावर विसंबू नका. ओहायोत २०२४ मध्ये नागरिकांच्या आयोगाचा प्रस्ताव आला, तेव्हा सारांशात लिहिलं होतं की या आयोगाला मतदारसंघांची पक्षपाती आखणी करावीच लागेल. प्रस्ताव पडला. मूळ मसुदा मागवा, मंजुरीचं कलम काढा, आणि तिथे आयोगाचा नकाशा 'अंतिम' म्हटलाय की नुसती 'शिफारस', ते बघा. शिफारस असेल तर माझं मत 'नाही'.