गॅरेजचं शिलाई युनिट करायला गेलो आणि २,०३,८०० रुपये घालवून बसलो

ज्यांच्या घरी सध्या शेडचं, गॅरेजचं किंवा इंटिरियरचं काम निघालंय त्यांनी हे वाचा. लिहिताना लाज वाटतेय. घरातले म्हणाले, चार लोकांत कशाला सांगतेस. पण मी गप्प बसले तर आम्हाला फसवणारा तो कॉन्ट्रॅक्टर उद्या तुमच्या दारात उभा राहील.

जुळे सोलापुरात आमचं घर आहे. बाजूला १० बाय १८ फुटांचं गॅरेज, वर पत्रा, पुढे रोलिंग शटर. गाडी विकल्यापासून तिथे अडगळच होती. मी शाळेच्या युनिफॉर्मचं जॉबवर्क घेते. सोलापुरात या धंद्याचं गणित सगळ्यांना माहीत आहे: मार्च ते मे जीव तोडून शिवायचं आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचवायचा. चार मशिन आणि एक ओव्हरलॉक हॉलमध्ये मांडून किती वर्षं काढायची? म्हणून ठरवलं की गॅरेज नीट करून घ्यायचं. शटर काढून भिंत आणि खिडकी, फरशीचा उतार काढून लेव्हल, वर फॉल्स सीलिंग, प्रत्येक मशिनला वेगळा पॉइंट आणि एक मोठं कटिंग टेबल.

तिघांकडून कोटेशन घेतलं. एकाने ३,४०,००० सांगितले, दुसऱ्याने ३,१५,०००. तिसऱ्याने २,३५,०००. स्वस्त दिसलं म्हणून भुललात, असं आता जो तो ऐकवतो. तसं नाही. त्याने आम्हाला विजापूर रोडवरचं एक चालू काम दाखवलं, तिथल्या मालकाशी बोलणं करून दिलं. त्या मालकाचं काम तेव्हा पहिल्या टप्प्यात होतं आणि पहिला टप्पा हा माणूस चोख करतो. पुढे त्या घरातही हेच झालं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. त्याने आमचं गॅरेज टेपने मोजलं, पत्र्याला हात लावून म्हणाला, "ताई, मे महिन्यात इथं बाया बसणार नाहीत. उष्णता अडवायला वर पन्नास एमएम रॉकवूल टाकू, खाली जिप्सम. आपलंच घर समजून करतो की." सोलापूरचा मे काय असतो ते आपल्याला माहीत आहे. नेमकं दुखणं ओळखणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

टोकन ११,००० दिले. शटर काढून वीटकाम सुरू झालं तेव्हा ६०,०००. भिंत चांगली झाली, प्लास्टरही चांगलं झालं. जुनं शटर तो टेम्पोत घालून घेऊन गेला, "भंगाराचे ९,००० बिलात वजा करतो" म्हणाला. ते कधीच वजा झाले नाहीत.

मग मटेरियलचे पैसे. ८५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी १५,३००, एकूण १,००,३००. इथे थांबायला हवं होतं, आणि हा क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळची वेळ. दारात सिमेंट कालवलेलं, दोन गडी उभे, फरशीवाला खाली गोणी उतरवतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "यूपीआयवरून दिवसाला लाखाच्या वर जात नाही. ६०,००० माझ्या नंबरला टाका, ४०,३०० मेव्हण्याच्या." मोबाइलवर त्याने कोड पुढे केला. मी स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. मी वाचलं. मोठ्याने वाचलं. "मेव्हण्याचंच दुकान आहे ताई, बघा की, आत्ताच फोन लावून देतो," म्हणत त्याने खरोखर फोन लावला आणि पलीकडून कोणीतरी "हो, माझंच" म्हणालं. कालवलेला माल वाळत होता, गडी माझ्याकडे बघत होते. मी पिन टाकला. पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते बँकेतलं नाव असतं. ज्याच्याशी बोलणं झालंय त्याचं नाव नसेल तर सिमेंट वाळू दे, गडी परत जाऊ देत, पैसे पाठवू नका.

बिल मागितलं तर छापील एस्टिमेट दिलं, वर जीएसटी नंबर. नंबर २९ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २९ कर्नाटकचा. विचारलं तर म्हणाला, "आमचं रजिस्ट्रेशन विजापूरचं आहे." सोलापूरकराला यात काय खटकणार? अर्धं सोलापूर विजापूर-इंडीला ये-जा करतं. तो पंधरा अंकी नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला की मालकाचं नाव आणि चालू की रद्द ते फुकट दिसतं. आम्ही नंतर टाकला. रद्द झालेला, आणि कापडाच्या व्यापाऱ्याचा. म्हणजे ते १५,३०० सरकारला गेलेच नाहीत, थेट त्याच्या खिशात.

शेवटचे ३२,५०० वायरिंग आणि टेबलच्या प्लायसाठी. ते घेतल्यावर गुढीपाडव्याच्या सुट्टीला लेबर गावी गेलं, मग लेबरच्या घरात लग्न निघालं, मग त्याचा स्वतःचा अपघात झाला. मग फोन लागेनासा झाला.

एप्रिलमध्ये ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, कारण ऑर्डर घेतलेल्या होत्या आणि शाळा माझ्यासाठी थांबणार नव्हत्या. त्याने पहिला बोर्ड उघडला आणि मला जवळ बोलावलं. सॉकेटच्या अर्थ पिनला हिरवी वायर, शॉक बसू नये म्हणून असते ती, घट्ट स्क्रू केलेली होती. त्याने दोन बोटांनी ओढली, तर वीतभर तुकडा हातात आला. मागे काहीच नाही. सगळ्या बोर्डांत तसेच तुकडे. बोर्ड उघडून बघणाऱ्याला अर्थिंग दिसावं एवढ्यासाठीच ते बसवले होते. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरचे पैसे घेऊन एक स्क्वेअर एमएमची, आयएसआयचा शिक्का नसलेली वायर ओढली होती. लोखंडी स्टँडच्या मशिनवर माझ्याकडच्या बाया बसणार होत्या. पैसे गेले ते गेले, पण ही गोष्ट मी त्याला कधीच माफ करणार नाही.

सीलिंगचा एक बोर्ड काढला. रॉकवूल नाहीच. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतात ते थर्माकोलचे तुकडे वर पसरलेले, तेही कडेकडेने, खालून चाचपलं तर लागतील असे. तापल्या पत्र्याखाली, वायरिंगच्या शेजारी थर्माकोल, जे आग पटकन धरतं. प्लायवर ७१० चा शिक्का होता, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. कापलेल्या तुकड्यावर पाणी ओतून रात्रभर ठेवलं तर सकाळी थर सुटले. शिक्का कोणीही मारतो. दुकानात स्वतः जा, स्वतःच्या नावाने पक्कं बिल घ्या आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्या. फरशीसुद्धा नाण्याने वाजवून बघा; पोकळ आवाज आला की खाली माल भरलेला नाही.

आता ज्यांनी दाद घ्यायची त्यांचं ऐका.

चौकीत गेलो. पहिला प्रश्न, "अ‍ॅग्रीमेंट आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग कसं सिद्ध करणार?" व्हॉट्सअ‍ॅपवरचं सहीचं कोटेशन दाखवलं तर, "हे आहे म्हणजे करार आहे, मग हा दिवाणी मामला. कोर्टात जा." म्हणजे कागद नसला तरी तक्रार नाही, असला तरी नाही. मी विचारलं की खोटा जीएसटी नंबर छापणं, दुसऱ्याच्याच खात्यावर पैसे घेणं, हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? त्यावर उत्तर, "थोडं काम केलंय ना बाई त्याने? मग फसवणूक कशी?" हेच तर त्याचं भांडवल आहे! म्हणून तर तो पहिली भिंत नीट बांधतो. हे मला कळतं आणि रोज असली प्रकरणं बघणाऱ्यांना कळत नाही?

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेतही तेच. आणखी एका कार्यालयात गेलो तर तिथले साहेब उलट आमच्यावरच घसरले, "पार्किंगच्या जागेत काम करायची परवानगी घेतली होती का?" ज्याने दोन लाख नेले त्याचा पत्ता लिहून घ्यायला त्यांच्याकडे पेन नव्हतं, पण आम्हाला नोटीस काढायची भाषा लगेच आली. घरात बसून चार बाया शिवणार, त्याने कोणाचं काय बिघडणार होतं? तरी तुम्ही हा नियम आधी विचारून घ्या, कारण तक्रारीला गेल्यावर तोच तुमच्या गळ्यात अडकवतात. तक्रार तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी द्या, पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा. आम्ही तसं पाठवलं तेव्हा कुठे एकदा जबाब घेतला. पुढे काही नाही.

एकच दार उघडं मिळालं, जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. यूपीआयच्या पावत्या, चॅट आणि ती वायर, सगळं जोडलंय. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडतानाचे फोटो काढले होते म्हणून बरं. तुमच्याकडे असं काही निघालं तर दुरुस्ती करण्याआधी तारखेसकट फोटो आणि व्हिडिओ घ्या. काढून फेकलेला पुरावा परत येत नाही.

वायरिंग, सीलिंग आणि टेबल परत करायला १,१८,००० लागले, त्यासाठी सोनं गहाण ठेवलं. ऑर्डर जूनच्या आत दिली, त्यात माझ्या बायांनी रात्री जागून साथ दिली.

परवा समजलं की तो आता होटगी रोडच्या बाजूला कामं घेतोय, नवीन नावाच्या व्हिजिटिंग कार्डावर. कार्ड बदललं तरी पद्धत तीच आहे: इतरांपेक्षा लाखाने कमी भाव, पहिली भिंत चोख, मग मटेरियलचे पैसे दोन नंबरवर आणि २९ चा जीएसटी नंबर. ज्यांचे पैसे त्याच्याकडे अडकलेत त्यांनी कागद आणि चॅट जपून ठेवा आणि मला कळवा. विजापूर रोडच्या त्या घरमालकांनीही आता तक्रार लिहून दिली आहे. तिघे-चौघे मिळून गेलो तर "दिवाणी मामला" म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल.