स्टिरॉइडचा पंप: नऊ महिन्यांनंतर

बिडी सुटून अकरा वर्षं झाली, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, काही सुटला नाही. गेल्या आषाढात साल्मेटेरॉल-फ्लुटिकासोनच्या कॅप्सूल लिहून मिळाल्या, ५०/२५० मायक्रोग्रॅम, सकाळ-संध्याकाळ एकेक. साल्मेटेरॉल श्वासनळ्या रुंदावतं, फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड. कॅप्सूल खोचायची, पिळून फोडायची, जोरात ओढायची. आत खडखडली नाही तर ओढ कमी पडली समजायचं.

सुरुवातीला पाचपैकी पाच तारे. दोन जिने न थांबता चढू लागलो. तिसऱ्या महिन्यात मात्र आवाज बसला, भजनात वरचा सूर फाटायला लागला. जिभेवर फाटलेल्या दुधासारखे पांढरे ठिपके. बुरशी! चूक माझीच, पावडर ओढून गुळण्या न करता थेट चहा घेत होतो. गुळण्या सुरू केल्या, तोंड निवळलं. पण स्टिरॉइडमुळे तोंडात बुरशीला वाव मिळाला, तसा खाली छातीतही जंतूंना मिळू शकतो, हे काही डोक्यात आलं नाही.

पौषात न्यूमोनिया. सात दिवस ॲडमिट.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. काका, वायुकोशांत जंतू गिळणाऱ्या पेशी पहाऱ्याला असतात. त्या रक्तातून कुमक मागवतात, तीच सूज. स्टिरॉइड सूज उतरवतं, म्हणजे कुमकेची हाकही दाबतं. २००७ साली छापून आलेल्या टॉर्च नावाच्या चाचणीत ६,०००हून जास्त सीओपीडी रुग्ण होते. तीन वर्षांत न्यूमोनिया औषध नसलेली नुसती पावडर ओढणाऱ्यांत १२.३ टक्के, माझ्यासारखी जोडगोळी घेणाऱ्यांत १९.६. त्याच चाचणीत धापेचे झटके मात्र कमी झाले होते, त्यामुळे औषधाला शिव्या घालत नाही.

राग आहे तो एवढाच, की आधी माझे इओसिनोफिल, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, कुणी मोजलेच नाहीत. साध्या सीबीसी रक्ततपासणीत कळतात! एका मायक्रोलिटर रक्तात ३००च्या वर असतील तर सीओपीडीत स्टिरॉइडचा चांगला उपयोग होतो, १००च्या खाली जवळपास नाहीच. माझे निघाले ८०.

आता श्वासनळ्या रुंदावणारी दोन औषधं, स्टिरॉइड नाही. जिना अजून न थांबताच चढतो. म्हणून जुन्या पंपाला माझ्यापुरते दोन तारे.

बहिणीला दमा आहे. माझं ऐकून तिनं तिचा पंप कपाटात टाकला होता, फोनवर चांगलाच ओरडलो. दम्यात मूळ दुखणं सुजेचंच, तिथे हेच स्टिरॉइड जीव वाचवतं.

आवाज अजून पेटीच्या काळी चार पट्टीला चढत नाही. सध्या काळी दोनवर गातोय, पेटीवाले कुरकुरतात.