चेंगडूचं पीपल्स पार्क: पांडा बघून झाले की एक सकाळ इथे द्या

चीनमधल्या चेंगडूला जाणारा जो तो पांडा बघतो, हॉटपॉट खातो आणि पुढच्या गावाची ट्रेन पकडतो. माझं ऐकाल तर तिथल्या पीपल्स पार्कसाठी एक अख्खी सकाळ ठेवा, आणि ती फोटो काढत फिरायला नाही तर नुसतं बसायला. एन्ट्री फ्री आहे, मेट्रोच्या लाइन २ वर पार्कच्याच नावाचं स्टेशन आहे.

बसायचं हेमिंग टीहाउसमध्ये. शंभर वर्षांचं जुनं आहे, तळ्याच्या कडेला झाडांखाली बांबूच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, तुम्ही मेनूवरून चहा निवडायचा (आम्ही जास्मिन घेतला, मस्त होता), मग झाकणाचा कप बशीसकट समोर येतो. झाकणाने पानं बाजूला सारत सारत प्यायचं, आणि कप बशीसकटच उचलायचा म्हणजे बोटं भाजत नाहीत. पैसे एकदाच, गरम पाणी मात्र हवं तेवढं, झाकण काढून कडेला टेकवून ठेवलं की पाणी हवंय हे कळतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्हाला कोणी उठवत नाही. आपल्याकडे गर्दीच्या हॉटेलात चहा संपला की पोऱ्या फडकं घेऊन येतो, इथे शेजारच्या टेबलावरचे आजोबा एका कपावर पेपर वाचून, पत्ते खेळून, एक झोप काढून परत पत्त्यांना बसले होते. सूर्यफुलाच्या बिया फोडत लोक तासन्‌तास गप्पा मारतात, शेजारी गर्दी झाली तरी कोणाला घाई नाही.

मध्येच टिंग्ग असा लांबलेला आवाज येतो, ते कान साफ करणारे. लोखंडी चिमटा वाजवत टेबलांमधून फिरतात, डोक्याला छोटा दिवा, हातात बारीक कोरण्या आणि पिसांचे ब्रश. चेंगडू ज्या प्रांतात आहे त्या सिचुआनमधली ही जुनी कला आहे आणि स्थानिक माणसं डोळे मिटून निवांत करून घेतात. करून घ्यायचं असेल तर भाव आधी ठरवा आणि अवजारं स्वच्छ दिसतायत का ते बघा, मी फक्त बघण्यावर भागवलं, कानाच्या बाबतीत मी घाबरट नाही पण काळजी घेणारी आहे.

चहा झाला की आत चालत जा. एका बाजूला झाडाखाली लग्नाची माहिती लिहिलेले कागद लावलेले असतात: जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, घर आहे का. लावतात आईवडील, मुलंमुली बहुतेक वेळा तिथे नसतातच. वाचताना मला आपली विवाह मंडळं आठवली, पण इथलं ओझं वेगळं आहे, कारण १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत एकच मूल ही सक्ती होती, त्यामुळे त्या कागदामागे बहुतेक घरांत एकुलतं एक लेकरू आहे. कृपा करून कागदांचे क्लोजअप फोटो काढू नका, ती लोकांची खाजगी माहिती आहे.

पुढे गेलात की नाच. एक ग्रुप बॉलरूम, एक ग्रुप रांगेत हातवारे, तिसरीकडे माईकवर गाणं, प्रत्येकाचा आपापला स्पीकर. आमच्या आईला एका काकूंनी हात धरून रांगेत ओढलं, भाषेचा एक शब्द कळत नाही आणि दोघी दोन गाणी नाचल्या, आईचा चेहरा बघण्यासारखा होता! एवढे तंदुरुस्त लोक सकाळी मोकळे कसे हा प्रश्न मला पडला होता. चीनमध्ये बायका नोकरीनुसार ५० किंवा ५५ ला आणि पुरुष ६० ला रिटायर व्हायचे, २०२५ पासून ते वय हळूहळू वाढवतायत, म्हणजे आज नाचणाऱ्या कितीतरी काकू अजून साठीच्याही नाहीत. त्रास एकच, आवाज. स्पीकर एकमेकांवर चढतात आणि डोकं दुखू शकतं, २०२२ च्या ध्वनिप्रदूषण कायद्यात बागेतल्या अशा आवाजाबद्दलही नियम आले ते उगाच नाही.

या सगळ्यात एक उंच स्मारक उभं आहे, ते चुकवू नका. १९११ मध्ये सिचुआनच्या लोकांनी वर्गणी काढलेली रेल्वे छिंग सरकारने (चीनची शेवटची राजेशाही) ताब्यात घेतली, आंदोलन पेटलं, चेंगडूत लोकांवर गोळीबार झाला, आणि ते दाबायला शेजारच्या हुबेइतून फौज हलवली तेव्हा तिकडे वूचांग शहरात सैनिकांचा उठाव झाला आणि त्यातूनच छिंग राजवट कोसळली. त्या आंदोलनात गेलेल्यांचं हे स्मारक १९१३ चं. पार्क मात्र आंदोलनाच्याच वर्षीचं, १९११ चं. सत्ता हलवणाऱ्या त्या लोकांच्या स्मारकाच्या आजूबाजूला आज लोक निवांत वेळ घालवतात हे मला फार भावलं.

वीकेंडला खुर्ची मिळणं कठीण, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. फोनवर अलीपे चालू करून ठेवा, आमचं सगळं पेमेंट त्यावरच झालं. शरद ऋतूत गेलात तर शेवंतीचं प्रदर्शन असतं, त्यासाठी एक तास जास्तीचा धरा.