जुना मान्सून कुठं शोधायचा, गाळात की बर्फात?
आमच्या बेळगाव-खानापूरकडं पाऊस लागला की थांबायचं नाव नाही, पण हजारो वर्षांमागं मान्सून कसा होता हे बघायचं तर मला गाळच भारी वाटतो बघा. अरबी समुद्राच्या तळात पाइप घालून गाळाची लांब कांडी काढतात, त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइड्स नावाच्या बारक्या जिवाची कवचं जास्त मिळाली की समजायचं वारे जोरात होते, कारण वाऱ्यानं खालचं थंड पाणी वर येतं नि हे जीव वाढतात. वर आणि इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीची राख सापडली तर त्या थराची तारीख आयतीच!

अंटार्क्टिकाच्या बर्फात ८ लाख वर्षांहूनही जुनी खरी हवा बुडबुड्यांत अडकलीय, कार्बन डायऑक्साइड डायरेक्ट मोजता येतो, तिथं गाळ हरला. पण चोर्ला घाट उतरला की गोव्यात दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, गाळाचं काम तिथंच चालतं की.