११.३ एमबीचा आकडा आणि ३०,४०० रुपयांचं बिल

घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेला, डिस्क असलेला साठवणुकीचा डबा) फाइल कॉपी करताना वेग ११-१२ एमबी प्रति सेकंदाला अडकत असेल, तर हे वाचल्याशिवाय कोणालाही घरी बोलावू नका. माझे ३०,४०० रुपये गेलेत. व्हिजिट ८००, 'कॅट ८' दर्जाच्या म्हणून दिलेल्या जोडणीच्या (पॅच) केबल दोन १,९००, आठ पोर्टचा 'गेमिंग' स्विच ३,४००, ४ टीबीच्या दोन डिस्क २२,८००, मजुरी १,५००. दोष भिंतीतल्या सॉकेटमध्ये होता. तो ४९० रुपयांत गेला.

"डिस्क थकल्यात, कधीही जातील," असं तंत्रज्ञ म्हणाला, तेव्हा कॉपीचा आलेख दोघांच्याही समोर होता. ११.३ वर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. लिहिताना ११.३, वाचताना ११.३. तिथेच ओळखायला हवं होतं, आणि राग त्याचाच जास्त येतो. डिस्क खराब होत असेल तर रेघ वरखाली होते, मध्येच शून्याला टेकते. एसएमआर डिस्क (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) आधी जोरात लिहिते आणि कॅश, म्हणजे तात्पुरती जागा, भरली की कोसळते. दोन्ही दिशांना एकच आकडा आणि रेघ सपाट, तर बहुतेक वेळा नेटवर्कची जोडणी, म्हणजे लिंकच १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) जुळलेली असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला ८ ने भागलं की १२.५ एमबी, त्यातून प्रोटोकॉलचा (पाठवण्याच्या नियमांचा) वाटा गेला की अकराच्या वर थोडं उरतं. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या लिंकला, ११० च्या पुढे मिळायला हवं. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. पण दहा वर्षांचे फोटो ज्या डिस्कवर आहेत त्या जातील असं कोणी तोंडावर सांगितलं की कोणीही आधी डिस्क बदलून घेईल. या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं.

नव्या डिस्क बसवल्यावरही ११.३ च येत होतं. "रेड रीबिल्ड चालू आहे, दोन दिवस हळूच चालणार," हे उत्तर खरं वाटलं, कारण रीबिल्डमध्ये (दोन्ही डिस्कवरची माहिती पुन्हा जुळवताना) वेग खरोखर पडतो. मग त्याने स्वतःचा लॅपटॉप नॅसशेजारच्या स्विचला लावून ११२ दाखवले आणि पैसे घेतले. रीबिल्ड चालू असताना ११२! म्हणजे नॅस ठीक, डिस्क ठीक, दोष तिथून माझ्या कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेत. त्याच्याच चाचणीने हे सिद्ध झालं होतं. चाचणी नेहमी तुमच्या कॉम्प्युटरवरून, तुमच्या खोलीतून करून घ्या.

विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंग्जमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसला, तर डिस्कचा विषयच काढू देऊ नका. नॅस आणि कॉम्प्युटरमध्ये आयपर्फ ३ (डिस्कला न लावता फक्त नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा: ९४ एमबीपीएस आले तर वायरिंग किंवा पोर्ट बघा, ९४० आले तरच डिस्क आणि सेटिंग्जकडे वळा.

सॉकेट उघडल्यावर दिसलं की इलेक्ट्रिशियनने एकाच केबलमधून दोन सॉकेट काढलेत. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात; केशरी आणि हिरवी जोडी एकाला, निळी आणि तपकिरी दुसऱ्याला. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. प्रत्येकी १२० चे दोन कीस्टोन जॅक (सॉकेटमधला भाग) आणि तारा दाबून बसवायचं २५० चं पंचिंग टूल आणलं, दोन्ही टोकांना आठही तारा टी-५६८-बी या ठरलेल्या रंगक्रमाने बसवल्या आणि जुन्याच डिस्क परत लावल्या. ११२ मिळाले. १ टीबीला जिथे दिवस उलटायचा तिथे आता अडीच तास लागतात.

'कॅट ८' केबलच्या जॅकेटवर यूटीपी, म्हणजे विना-शील्ड (संरक्षक आवरण नसलेली), छापलंय. कॅट ८ विना-शील्ड नसतेच. तार ब्लेडने खरवडली तर तांब्याखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. घरातल्या गिगाबिटला शुद्ध तांब्याची कॅट ५ई पुरते.

डिस्कचं तर बोलायलाच नको. 'नव्या' डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती वापराची नोंद) काढला: पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिल्याचे तास, २७,४१२. तीन वर्षांहून जास्त काळ चाललेली डिस्क, आणि स्टार्ट-स्टॉप फक्त ३८, म्हणजे कुठल्या तरी सर्व्हरमध्ये अखंड फिरलेली. स्मार्टचे तास पुसताही येतात. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, तेव्हा स्मार्टमध्ये तास नव्हते, खरे तास फार्म नावाच्या सीगेटच्या वेगळ्या अंतर्गत नोंदीत सापडले. सीगेट असेल तर तीही नोंद तपासा. पैसे देण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका आणि बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'एचडीडी २ नग' आहे.

दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा. कंपनीचं केंद्र म्हणतं वॉरंटी संपली, विकणाऱ्याला विचारा. पोलीस चौकीत दोन तास बसवून "सामान मिळालंय ना, मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब," असं सांगून परत पाठवलं. वापरलेली वस्तू नवी सांगून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? दुसऱ्या वेळी अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्ताला गेलेले. अहवालाची प्रिंट कोणी हातातही घेतली नाही. 'तास' म्हणजे काय हे ऐकून घ्यायचीही तयारी नाही. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. माझी तक्रार तिथे जातेय. तोपर्यंत दोन्ही डिस्क न पुसता, लेबलाच्या फोटोसह आणि यूपीआयच्या पावतीसह बाजूला ठेवल्यात. तो तंत्रज्ञ त्या डिस्क 'बदलून देतो' म्हणत दोनदा मागायला आला होता. दिल्या नाहीत.