पुण्याच्या ट्रिब्युनलचा स्टे: नाशिकच्या करदात्याला मिळते काय आणि अडते कुठे

बँकेतून फोन येतो की खात्यावर कलम २२६(३) ची, म्हणजे थकीत करापोटी खात्यातले पैसे प्राप्तिकर खात्याकडे वळवण्याची, नोटीस लागली आहे, आणि कट्ट्यावरचा पहिला सल्ला असतो, 'सरळ ट्रिब्युनलमध्ये जा.' सल्ला अर्धाच बरोबर आहे. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचे (ट्रिब्युनल) पुणे पीठ नाशिक जिल्ह्यातली अपिले ऐकते आणि वसुलीला स्थगितीही (स्टे) देते. पण केवळ वसुलीची नोटीस हातात घेऊन तिथे गेलात तर काहीच मिळणार नाही.

ट्रिब्युनलपुढे कोणत्या आदेशांवर अपील चालते त्याची यादी कलम २५३ मध्ये आहे. आयुक्तांकडच्या पहिल्या अपिलाचा निकाल, कलम २६३ खालचा फेरविचार, संस्थांच्या नोंदणीचे काही आदेश वगैरे. बँकेला दिलेली २२६(३) ची नोटीस, वसुली अधिकाऱ्याची जप्ती किंवा कलम २४५ खाली थकीत कराच्या मागणीपोटी वळवलेला रिफंड त्या यादीत नाही. वसुली अधिकाऱ्याच्या जप्तीवर हरकत घ्यायची असेल तर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतली वाट वेगळी आहे. २४५ च्या सूचनेला पोर्टलवरच, २१ दिवसांत, उत्तर द्यावे लागते.

मग स्टे येतो कुठून? अपिलातून. १९६८ मध्ये मोहम्मद कुन्ही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपील ऐकण्याच्या अधिकारातच ते चालू असताना वसुली थांबवण्याचा अधिकार येतो. आता तो कलम २५४(२ए) मध्ये अटींसह लिहिलेला आहे. म्हणजे ट्रिब्युनलमध्ये अपील दाखल नसेल तर स्टेचा अर्जही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नाशिकहून जाणारी बरीच प्रकरणे इथेच फसतात. पहिले अपील अजून आयुक्तांकडे पडून असते आणि वसुली मात्र सुरू होते. अशा वेळी पुण्याचा रस्ता धरायचा नाही. गडकरी चौकातल्या केंद्रीय राजस्व भवनात आपल्या निर्धारण अधिकाऱ्याकडे (कर ठरवणारा अधिकारी) कलम २२०(६) खाली अर्ज करायचा, तो फेटाळला तर प्रधान आयुक्तांकडे. ३१ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार अधिकारी साधारण २० टक्के भरायला सांगतात. ही रक्कम दगडावरची रेघ नाही. एलजी इलेक्ट्रॉनिक्स प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रकरण पाहून त्याहून कमीवरही स्टे देता येतो. अर्जात हे लिहिणे बहुतेक जण विसरतात. तिथेही दाद लागली नाही तर उरते रिट याचिका, आणि त्यासाठी नाशिककराला पुणे नव्हे, मुंबई उच्च न्यायालय गाठावे लागते.

मागणी केवळ टीडीएस जमा न धरल्यामुळे आली असेल तर यातले काहीच नको. कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज करा.

समजा पहिले अपील हरले आणि ट्रिब्युनलची पाळी आली. निकाल ज्या महिन्यात मिळाला तो महिना संपल्यापासून दोन महिन्यांत फॉर्म ३६ भरायचा. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी हीच मुदत ६० दिवस होती आणि जुन्या टिपणांत अजून तीच दिसते. फी अधिकाऱ्याने धरलेल्या उत्पन्नाच्या एक टक्का, कमाल १०,००० रुपये; उत्पन्न दोन लाखांपर्यंत असेल तर ५०० किंवा १,५००. स्टेच्या अर्जाला वेगळे ५०० रुपये. लाखोंची वसुली थांबवण्याचा एवढा स्वस्त मार्ग करकायद्यात दुसरा सापडणे अवघड. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पोर्टल ठीक आहे.

खरी परीक्षा स्टेच्या अर्जाची. ट्रिब्युनलच्या नियम ३५ए मध्ये काय लिहायचे ते नेमके दिले आहे: थोडक्यात हकिकत, पहिल्या अपिलाचा निकाल, मागणीतला कर, व्याज आणि दंड वेगवेगळे, वाद नसलेली रक्कम, थकीत रक्कम, अपिलाची तारीख आणि क्रमांक, प्राप्तिकर खात्याकडे आधी स्टे मागितला होता का आणि त्याचे काय झाले, तारण देण्याची तयारी आहे का. सोबत प्रतिज्ञापत्र. खात्याकडच्या अर्जाचा मुद्दा कोरा राहिला की पहिला प्रश्न त्यावरच येतो, म्हणून त्या अर्जाची पोच जोडा. पैशाची अडचण नुसती शब्दांत सांगून भागत नाही. बँक स्टेटमेंट, कॅश क्रेडिटची मर्यादा आणि ज्यांचे देणे आहे त्यांची यादी लागते.

पैशाचा हिशेब असा. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याच्या खात्यातली रोकड उत्पन्न धरून ४० लाखांची मागणी निघाली, तर २५४(२ए) प्रमाणे किमान २० टक्के, म्हणजे ८ लाख, भरणे किंवा तेवढे तारण देणे भाग आहे. ही अट २०२० च्या वित्त कायद्याने आली. व्याज, फी आणि दंडही या २० टक्क्यांच्या हिशेबात येतात, हे ध्यानात न घेतल्याने आकडा हमखास चुकतो. आधी काही भरले असेल तर प्रत्येक चलन अर्जाला जोडा.

गुणवत्तेचा मुद्दा भक्कम असेल तर काम सोपे होते. पतसंस्थांच्या कलम ८०पी च्या (सहकारी संस्थांना मिळणारी करवजावट) वादात पुणे पीठाचेच अनेक निकाल संस्थांच्या बाजूचे आहेत. ते ट्रिब्युनलच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि सेवेचा हा भाग खरोखर उत्तम आहे.

स्टे १८० दिवसांचा मिळतो आणि वाढवून एकूण ३६५ दिवसांपर्यंत जातो. पुढे उशीर करदात्यामुळे झाला नसेल तर स्टे आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२१ रोजी पेप्सी फूड्स प्रकरणात ठरवले. याचा व्यवहारातला अर्थ असा की स्टे घेऊन तारखा मागू नका. वकील लग्नाला गेले म्हणून घेतलेली एक तारीखही पुढे अंगाशी येते.

तक्रारीची जागा दुसरी आहे, गती. ट्रिब्युनलच्या ब्रीदवाक्यात 'सत्वर' हा शब्द आहे, पण बँक खाते गोठलेल्या माणसाला एकेक दिवस जड जातो. त्यामुळे नोटीस येण्याची वाट पाहू नये. अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि स्टेच्या अर्जाचा निकाल लागून वरच्या दाराशी जायला वाजवी वेळ मिळेपर्यंत वसुली करू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ च्या यूटीआय म्युच्युअल फंड प्रकरणात बजावले आहे. मागणी बुडवली जाईल अशी कारणे अधिकाऱ्याने नोंदवली असतील तर गोष्ट वेगळी. या निकालाचा हवाला निर्धारण अधिकाऱ्याकडच्या पहिल्याच पत्रात द्यावा.

वरची कलमे १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत. आधीच्या वर्षांच्या प्रकरणांना जुनेच लागू.

आदेश हातात आला की काम संपले असे समजू नका. बँक ट्रिब्युनलचा आदेश पाहून स्वतःहून खाते मोकळे करत नाही, तिला निर्धारण अधिकाऱ्याचे नोटीस मागे घेतल्याचे पत्र लागते. आदेशाची प्रत त्याच दिवशी अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या आणि पत्र निघून शाखेत पोचेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.