डायनाचं स्नान, ३६ बाय २४मध्ये कोंबलेलं

इटालियन चित्रकार टिशियनचं ‘डायना आणि अ‍ॅक्टिऑन’ (१५५६–५९) कॅनव्हासवर छापून, लाकडी चौकटीवर ताणून देणारं एक दुकान नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूला आहे. छपाईला पाचपैकी चार, मापाला दीड.

मूळ चित्र १८४.५ × २०२.२ सेंमी, जवळपास चौरस. दुकानाचं ठरलेलं माप ३६ × २४ इंच. रुंदी ३६ ठेवली तर उंची ३३ लागते, म्हणजे नऊ इंच उडतात. वरून कापलं की झाडाला टांगलेली शिकारीची कातडी छाटली जाते. शिवाय कॅनव्हास चौकटीवरून मागे दुमडताना प्रत्येक बाजूने दीड इंच जातो. डायना उजव्या कडेलाच आहे. तिला झाकणारी दासी त्या दुमडीत गेली.

हे तपशील शोभेचे नाहीत. रामकुंडात बुडी मारून पाप धुवायची सवय असलेल्यांना हे स्नान उलटंच वाटेल: इथे पाप आंघोळ पाहिल्याचं, आणि पाणी हीच शिक्षा. शिकारीची देवी ही: ग्रीकांची आर्टेमिस, रोमनांची डायना. रोमन कवी ऑव्हिडच्या कथेत बाण हाताशी नसल्याने ती ओंजळीतलं पाणीच, तिला न्हाताना पाहणाऱ्या शिकारी अ‍ॅक्टिऑनच्या तोंडावर मारते. त्याचं हरीण होतं आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. टिशियनने पाणी उडण्याच्या आधीचा क्षण धरलाय. पुढचं सगळं खांबावरची हरणाची कवटी आणि ती कातडी सांगतात. ती गेली की उरतो नुसता बायकांच्या आंघोळीचा देखावा. (अथेना देवीला न्हाताना पाहिलेल्या टायरेसियसचे डोळे गेले, बदल्यात भविष्य कळू लागलं, अ‍ॅक्टिऑनला तेवढीही सूट नाही.)

मागवायचंच तर ३६ × ३३ सांगा, जागा कमी असेल तर २४ × २२. इंचाला १५० पिक्सेल धरले तर मोठ्या मापाला फाइल किमान ५४०० × ४९५० हवी. दुमडीसाठी मूळ चित्र वापरू देऊ नका. कडेची आरशातली प्रतिमा छापून घ्या. चारही बाजूंना दोन इंच पुरतात. शाई पिगमेंटची, वरचा थर मॅट. चकचकीत थरात डावीकडच्या लाल पडद्यावर ट्यूबलाइटच दिसते.

पावसाळ्यात कॅनव्हास सैलावतो. चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील तर हलक्या ठोक्याने पुन्हा ताणता येतो. इथे कोपरे स्टेपलने पक्के केलेत. विषय स्नानाचा म्हणून न्हाणीघरात लावायचा मोह होईल, पण वाफेने पहिला कॅनव्हासच सुटेल.